टर्बो, मागाहून बसवलेला
टर्बो, मागाहून बसवलेला : कारखान्यातून टर्बोशिवाय निघालेल्या मोटारीच्या इंजिनाला नंतर टर्बोचार्जर जोडण्याचे काम. बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात ढकलते. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते, आणि सीसी तेवढेच राहून ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुरातून फुकटात ताकद मिळते, अशी टर्बोची ख्याती आहे. ती अर्धीच खरी. चक्र फिरवायला ऊर्जा धुरातून मिळते हे बरोबर, पण वाढीव ताकद वाढीव इंधनातूनच येते आणि त्या इंधनाची उष्णता पिस्टन, हेड, गॅस्केट व ऑइल यांना सोसावी लागते. त्यामुळे टर्बो मागाहून बसवणे म्हणजे एक सुटा भाग वाढवणे नव्हे; सबंध इंजिनाचा उष्णतेचा हिशेब नव्याने मांडणे आहे, आणि तो बहुतेक वेळा गाडीच्या मालकाच्या आवाक्यात बसत नाही.

गरज मात्र खोटी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातील नाटे हे किनाऱ्यावरचे गाव. इथून राजापूर, पाचल करत अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे निघालेल्या गाडीला समुद्रसपाटीपासून थेट सह्याद्रीचा माथा गाठावा लागतो. 600 मीटर चढल्यावर हवेचा दाब सुमारे 7 टक्क्यांनी उतरतो आणि साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. मागे माल भरलेला असला की जुनी डिझेल गाडी वळणावर दम टाकते, आणि अशा वेळी टर्बो बसवून घेण्याचा विचार मालकाच्या मनात येणे साहजिक आहे.

आता थोडे आकडे. बाहेर 30 अंश सेल्सियस तापमान आहे आणि टर्बो 0.4 बार जादा दाब देतो असे धरू. हवा 40 टक्के जास्त शिरेल असा कोणाचाही समज होईल. पण दाबलेली हवा तापते. साधारण 65 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती 75 ते 80 अंशांवर बाहेर पडते, आणि तापलेली हवा विरळ असल्याने प्रत्यक्षात वाढ होते ती 21 टक्क्यांच्या आसपास. जवळपास अर्धा फायदा उष्णतेने खाल्ला. इंटरकूलर लावून हवा 50 अंशांपर्यंत निववली तर वाढ 31 टक्क्यांवर जाते. म्हणजे टर्बोबरोबर इंटरकूलर आला, त्याच्या नळ्या आल्या, बंपरमागे जागा आली. नाट्यासारख्या ठिकाणी खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या खराब होतात आणि सड्यावरची जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टर चुकवून आत गेली तर कॉम्प्रेसरचे पाते झिजते, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

पेट्रोल इंजिनात अडचण जास्त. तिथे हवा आणि इंधन एकत्रच दाबले जातात. दाब व उष्णता वाढली की मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा वेडेवाकडे पेटते, इंजिन खडखडते आणि पिस्टन फुटू शकतो. 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये 10.25 : 1 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला टर्बो जोडला, तेव्हा खडखड टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारणारी वेगळी टाकी द्यावी लागली. मालक ती भरायला विसरत. शेवटी कंपनीने बऱ्याच गाड्यांवरून टर्बो उतरवूनच दिला. कारखान्याने स्वतः बसवलेल्या टर्बोची ही गत, तर गॅरेजमध्ये 10 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला सुटे किट लावणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

डिझेल इंजिन सोपे, कारण त्यात नुसतीच हवा दाबली जाते. म्हणून ‘डिझेलला काही होत नाही’ असे गॅरेजमध्ये सर्रास म्हटले जाते. पण इथे एक गोष्ट नजरेआड होते. पंप आहे तसाच ठेवून टर्बो लावला तर धूर कमी होतो, ताकद जेमतेम वाढते. ताकद हवी असेल तर पंपाचे डिझेल वाढवावे लागते, आणि दाब चढण्याआधीच ते वाढले तर गाडी काळा धूर ओकते. म्हणून टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल सोडणारा पडदा असलेला पंप लागतो. टर्बोसाठी बांधलेल्या अनेक इंजिनांत पिस्टनच्या पोटावर ऑइल फवारणारे जेट असतात, ते जुन्या ब्लॉकमध्ये नसतात. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या आसाला इंजिनातूनच ऑइल द्यावे लागते, आणि परतीची नळी जाड, उताराची, चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडावी लागते. ही नळी चुकली की टर्बो ऑइल गिळतो. घाटमाथ्यावर चहासाठी थांबताच चावी फिरवणाऱ्याच्या गाडीत तर तापलेल्या आसाभोवतीचे ऑइल तिथेच जळून कोळसा धरते.

‘कंपन्या तेच इंजिन टर्बोने विकतातच की,’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. टाटा मोटर्सच्या 1998 च्या इंडिकामधले 1405 सीसीचे टर्बोविरहित डिझेल इंजिन सुमारे 53 पीएस आणि 85 न्यूटन-मीटर देत असे. त्याच सीसीचे टर्बो इंजिन 2008 च्या इंडिका व्हिस्टामध्ये सुमारे 71 पीएस आणि 135 न्यूटन-मीटरवर पोहोचले. मात्र पहिले इंजिन आपली कमाल ताकद 5500 फेऱ्यांना देई, दुसरे 4500 ला. जोर वाढवताना कंपनीने वरचे फेरे सोडून दिले. हे उदाहरण टर्बोच्या बाजूचे आहे खरे, पण गॅरेजमधल्या जोडणीच्या बाजूचे नाही. कंपनीकडे चाचणीची बाके होती आणि भाग बदलण्याची मुभा होती. गॅरेजकडे बहुधा धुराचे तापमान मोजणारा काटाही नसतो.

दाब 0.3 बारपर्यंतच ठेवला तर धोका कमी, हा दुसरा आक्षेप मान्य करावा लागतो. निरोगी डिझेल इंजिन तेवढे सोसते. पण इंटरकूलरशिवाय तेवढ्या दाबाने मिळणारी वाढ 15 ते 20 टक्क्यांत आटोपते, आणि टर्बो, मॅनिफोल्ड, पंपाचे काम, नळ्या यांचा खर्च मात्र पुरा होतो. लाखावर किलोमीटर धावलेल्या गाडीत तोच पैसा नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन, व्हॉल्व्ह आणि रिंगा यांवर घातला तर हरवलेली ताकद बरीच परत येते.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. टर्बोने सीसी बदलत नाही ही पळवाट टिकत नाही, कारण ताकद आणि धूर दोन्ही बदलतात. सीएनजी किटला मान्यतेची ठरलेली वाट आहे, तशी गॅरेजमध्ये जुळवलेल्या टर्बोला नाही. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही न कळवलेला बदल आडवा येऊ शकतो. घाटाची वर्दळ नेहमीची असेल तर कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली वापरलेली गाडी पाहणे स्वस्त पडते. तीत पंप, पिस्टन, क्लच आणि रेडिएटर त्या जोराच्या हिशेबानेच बसवलेले असतात.