पहिलें काम आणि सायंकाळचा सोबती

मनुष्याच्या आयुष्यांत पहिल्या नोकरीला जें स्थान असतें तें पुढच्या कोणत्याहि मानाच्या जागेला सहसा येत नाहीं. पगार बहुधा तुटपुंजा, बिऱ्हाड परक्या गांवांत, आणि कामाची धास्ती तर रोजचीच. तरीहि उतारवयांत मन त्याच दिवसांकडे पुनःपुन्हां वळतें. याचें कारण कचेरींत शोधूं गेल्यास क्वचितच सांपडतें. काम आटोपल्यावर दिवेलागणीच्या वेळीं ज्याच्याजवळ दिवसाचा शीण सांगतां येत असे, त्या एका स्नेह्यापाशीं तें सांपडतें. सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हें नांव महाराष्ट्राला सुपरिचित आहे. परंतु त्यांचें जें चित्र लोकांच्या मनांत आहे तें बहुतेक एकट्याचें आहे. वस्तुतः ज्या कामानें त्यांची कीर्ति झाली, तें पदवीनंतर त्यांनीं अंगावर घेतलेलें पहिलेंच मोठें काम होतें. आणि त्या कामाच्या आरंभकाळीं त्यांना एक उत्तम सोबती लाभला होता.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरास झाला. वडील गिरणींत नोकरीस होते. घर मुलाबाळांनीं भरलेलें आणि बेताच्या मिळकतीचें. गिरणीच्या भोंग्यावर उठणारें तें शहर शांत मात्र नव्हतें. १९३० च्या मे महिन्यांत तेथें लष्करी कायदा पुकारण्यांत आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा हे चौघे सोलापूरकर फांसावर गेले. त्या वेळीं कोटणीस वीस वर्षांचे होते. पुढें मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांतून ते डॉक्टर झाले, आणि पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीस लागले. मध्यमवर्गीय घरांत अशा मुलाकडून अपेक्षा ठरलेली असते: मोक्याच्या जागीं दवाखाना, धाकट्यांचीं शिक्षणें, बहिणींचीं लग्नें.

तों १९३८ साल उजाडलें. जपाननें १९३७ च्या जुलैपासून चीनवर उघड आक्रमण आरंभिलें होतें, आणि चिनी सेनापति चू-तेह यांनीं पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे त्या वर्षींचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं जनतेला आवाहन केलें. सुमारें २२,००० रुपये जमले, आणि पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू, आणि पांचवे कोटणीस. चीनविषयीं सोलापूरच्या त्या घराला काय ठाऊक होतें? तेथील माणसें दारोदार रेशीम विकावयास येतात, एवढेंच, असें त्यांच्या बहिणीनें पुढें सांगितलें. तरीहि घरानें मुलाला निरोप दिला. १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या बंदरांतून ‘राजपुताना’ आगबोट सुटली, तेव्हां कोटणीसांना अठ्ठाविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

ठरलेली मुदत एका वर्षाची होती. कॅन्टन, हँकौ असे मुक्काम करीत पथक चुंगकिंगला पोंचलें. तेथें शांतिनिकेतनांत अध्यापन केलेले पंडित तान युन-शान यांनीं पांचांनाहि चिनी नांवें दिलीं, आणि प्रत्येक नांवाच्या शेवटीं ‘हुआ’, म्हणजे चीन, हें अक्षर जोडलें. कोटणीस ‘के ति-हुआ’ झाले, बसू ‘बा सु-हुआ’ झाले. याच चुंगकिंगच्या मुक्कामीं कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परतण्यास याहून सबळ कारण कोणतें? पण ते परतले नाहींत. पितृशोकाच्या प्रसंगीं घरचें माणूस जवळ नसतां, आठवड्यांच्या ओळखीचे सोबतीच त्यांचे आप्त झाले.

फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक येनानला दाखल झालें. बाँबच्या वर्षावानें तें शहर उद्ध्वस्त झालें होतें, आणि लोक पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांतून राहत. हीं घरें हिंवाळ्यांत उबदार आणि उन्हाळ्यांत थंड असत. रुग्णालयेंहि तशाच गुहांतून चालत. जेवणांत मुख्यतः भरड धान्य. औषधें अपुरीं, हत्यारें अपुरीं, आणि रोग्याचें दुखणें समजून घ्यावयाचें तर भाषेचीच भिंत आड येणार. एक सोलापूरचा मराठी, दुसरा कलकत्त्याचा बंगाली. दोघांना एकमेकांशीं बोलावयास इंग्रजीचा आधार, आणि शिकावयाची होती तिसरीच लिपि, जिच्यांत अक्षरांची संख्या मोजतां पुरवत नाहीं! दिवस रोग्यांचा होता; मोकळा वेळ या भाषेच्या अभ्यासाचा, घरच्या पत्रांचा आणि गप्पांचा. बसू रोजनिशी लिहीत. कोटणीस पुढें चिनी भाषेंत शल्यविद्या शिकवूं लागले, हें त्या अभ्यासाचें फळ.

मुखर्जी व चोळकर त्याच वर्षीं मायदेशीं परतले. उरलेले तिघे नोव्हेंबर १९३९ मध्यें येनान सोडून आघाडीकडे निघाले. पुढें प्रकृति बिघडल्यामुळें अटल यांनाहि परतावें लागलें, आणि मग खरोखरच दोघे राहिले. एक वर्षाची मुदत केव्हांच उलटली होती. शांशी प्रांताच्या डोंगरांतून, जपान्यांच्या ताब्यांतील लोहमार्ग रात्रीच्या अंधारांत ओलांडीत, ते १९४० च्या मध्यास होपे प्रांतांतील तळावर पोंचले. कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनीं याच प्रदेशांत काम केलें होतें. शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें जाऊन रक्तांत विष भिनलें, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते निवर्तले होते. दोघां भारतीय डॉक्टरांनीं त्यांच्या समाधीचें दर्शन घेतलें. बेथ्यून यांची जागा आपल्यांपैकीं एकाला भरून काढावयाची आहे, हें त्या क्षणीं कोणाला ठाऊक होतें?

त्याच सालीं दोघांची ताटातूट झाली. बसू येनानला गेले, कोटणीस आघाडीवर राहिले. त्या वर्षींच्या मोठ्या मोहिमेंत त्यांच्या तुकडीकडे तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमी आले; एकदां तर त्यांनीं सलग बहात्तर तास विश्रांति घेतली नाहीं. जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून यांच्या नांवाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्या वर्षाच्या अखेरीस परिचर्या शिकविणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. त्याचें नांव यिन-हुआ ठेविलें. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मात्र अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचें शरीर पोखरलें जात होतें. काम सोडून उपचारासाठीं जाण्यास त्यांनीं मान्यता दिली नाहीं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. बातमी येनानला पोंचली तेव्हां बसू तेथेंच होते. चुंगकिंगला पितृशोकाच्या वेळीं स्नेही जवळ होता. या वेळीं तो शेंकडों मैल दूर होता.

१९४३ सालीं बसू एकटे भारतांत परतले. त्यानंतर १९४६ मध्यें व्ही. शांताराम यांनीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. त्याला आधार होती ख्वाजा अहमद अब्बास यांची एक लहानशी पुस्तक, जिच्या नांवांतच परत न आलेल्या एकाचा निर्देश आहे. परत न आलेल्याची कथा अशी अमर झाली खरी. पण कथेला आठवणी पुरविणारे लागतात, आणि ते परत आलेल्यांतूनच मिळावयाचे. बसूंनीं हें काम आयुष्यभर केलें. त्यांनीं पुढें चीनला जाऊन सूचिवेध चिकित्सेचें शिक्षण घेतलें, भारतांत तिचा प्रसार केला, आणि कोटणीसांच्या नांवानें स्मारक समिति चालविली. त्यांची रोजनिशी १९८६ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं ते निवर्तले.

आज सोलापुरांत कोटणीसांचें राहतें घर स्मारक म्हणून जतन केलेलें आहे, आणि चीनमध्यें शिच्याच्वांग येथें त्यांची समाधि आहे. पाहुणे दोन्हीं ठिकाणीं फुलें वाहतात. पण दगडांतल्या स्मारकाला थोर पुरुषाचें पहिलें काम दिसत नाहीं. त्याचें अडखळणें, नवी भाषा शिकणें, घरच्या आठवणीनें व्याकुळ होणें, हें सारें त्याच्याबरोबर राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतें. द्वारकानाथ कोटणीसांच्या पहिल्या कामाच्या या आठवणी त्यांना स्वतःला म्हातारपणीं सांगतां आल्या नाहींत. त्या त्यांच्या स्नेह्यानें सांगितल्या.