भोर समितीचे पाहुणे

मेडिकलला पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकाच्या, तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्यसेवेची पाहणी करणारी भोर समिती. नेमणूक १९४३, अहवाल १९४६, ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पार्कच्या पाठ्यपुस्तकातलं हे उत्तर आम्ही एका दमात म्हणून दाखवायचो आणि सुटायचो. हे भोर कोण, कुठले, हे परीक्षक विचारत नसत आणि आम्हालाही ठाऊक नसे. मला ते कळलं नोकरीत लागल्यावर. सर जोसेफ भोर नाशिकचे. जन्म १८७८ चा. पुण्यात बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेज, मग लंडन आणि आयसीएस. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, आणि समितीच्या दृष्टीने ते बरंच झालं असं माझं मत आहे. डॉक्टरांच्या हाती दिलं की सगळं हॉस्पिटलापाशी येऊन थांबतं. समितीत आणखी एक मराठी माणूस होता, आयटक या कामगार संघटनेचे ना. म. जोशी. मुंबईच्या गिरणगावात उभी हयात घालवलेला, औषधापेक्षा चाळीतली खोली आधी बघणारा.

अहवालाच्या पहिल्या खंडात एक तक्ता आहे. पीएसएमचा एखादा धडा गाळला तरी चालेल, पण प्रत्येक विद्यार्थ्याने हा तक्ता बघावा. १९३७ सालचे आकडे, देशवार मांडलेले. न्यूझीलंडमध्ये हजारी मृत्यू ९.१, ब्रिटिश हिंदुस्थानात २२.४. हजार जन्मांमागे बालमृत्यू न्यूझीलंडात ३१, इंग्लंड-वेल्समध्ये ५८, आपल्याकडे १६२. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्याही आत. परिचारिका ४३,००० माणसांमागे एक. यावर भाष्य करायची गरजच नव्हती. देश एकाखाली एक लावले, एवढं पुरलं.

पण मृत्यू कमी ठेवणं दुसऱ्या देशांना कसं जमतं, ते कोणीतरी जाऊन पाहिलेलं असावं लागतं. अशा पाहणीची एक पूर्वपीठिका आहे. १९०८ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज जर्मनीला गेले, बिस्मार्कच्या काळापासूनचा तिथला कामगारांचा विमा कसा चालतो ते बघायला. १९११ चा ब्रिटिश विमा कायदा त्यानंतरचा. त्यात कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन, असा हिशोब होता. सर आर्थर न्यूजहोम हे इंग्लंडमधले बडे आरोग्य अधिकारी निवृत्तीनंतर युरोपभर हिंडले आणि प्रत्येक देशात सरकारी डॉक्टर आणि खासगी डॉक्टर यांचं नातं काय, यावर त्यांनी १९३१ मध्ये तीन खंड लिहिले. पुढच्याच वर्षी ते जॉन किंग्जबरींबरोबर सोव्हिएत रशियात गेले आणि भारावून परतले.

हेन्री सिगेरिस्टही असेच भारावलेले. जन्म पॅरिसचा, आईवडील स्विस, नोकरी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये, विषय वैद्यकाचा इतिहास. पन्नाशीकडे झुकताना रशियन भाषा शिकले, १९३५ आणि १९३६ च्या उन्हाळ्यात रशियात फिरले आणि १९३७ मध्ये तिथल्या आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक काढलं. या लोकांनी खूप पाहिलं, पण बरंचसं दाखवलेलं पाहिलं. न्यूजहोम रशियात होते ते १९३२ साल. युक्रेनातला दुष्काळ तेव्हा सुरू होत होता आणि त्यांच्या पुस्तकातला सूर मात्र कौतुकाचा. मला याचं नवल वाटत नाही. जिल्ह्याहून तपासणी येणार असं कळलं की आमच्याही केंद्राला चुना लागायचा, लेबर रूममध्ये नवी चादर यायची आणि रजिस्टरं रातोरात पूर्ण व्हायची. साहेब खूश होऊन जायचे.

तरीही सिगेरिस्टांचं पाहणं टाकाऊ नव्हतं. १९४४ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने त्यांना आरोग्यसेवेची पाहणी करायला बोलावलं आणि त्याच वर्षअखेरीस ते भोर समितीकडे हिंदुस्थानात आले. युद्ध चालू होतं, समितीने जगभर हिंडणं शक्य नव्हतं. म्हणून जग पाहिलेली माणसंच इकडे आणली. ऑक्सफर्डचे सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक जॉन राइल आले, ब्रिटनच्याच डॉ. जॅनेट व्हॉन आल्या. समितीतले जॉन ग्रँट तर चीनमध्येच जन्मलेले. पेकिंगमध्ये १९२५ साली एका वस्तीपुरतं आरोग्य केंद्र काढून त्यांनी मेडिकलच्या पोरांना वर्गातून उठवून गल्लीत नेलं होतं. १९३९ पासून ते कलकत्त्याला होते.

एवढ्या सगळ्यातून जे निघालं ते असं. नजीकच्या काळासाठी ४०,००० वस्तीला एक केंद्र. त्यात दोन डॉक्टर, चार पब्लिक हेल्थ नर्स, चार मिडवाइफ, चार प्रशिक्षित दाया, शिवाय सॅनिटरी इन्स्पेक्टर, फार्मासिस्ट वगैरे. दूरच्या काळासाठी १०,००० ते २०,००० वस्तीला ७५ खाटांचं रुग्णालय. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व. आणि पगारी सरकारी डॉक्टरने खासगी प्रॅक्टिस करू नये, ही अट. तिचा आजचा अवशेष म्हणजे आमच्या पगारपत्रकातला व्यवसायरोध भत्ता. भत्ता सगळे घेतात, संध्याकाळच्या दवाखान्याचं मी बोलत नाही.

१९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडू लागली. पण एका ब्लॉकला एक, म्हणजे ४०,००० च्या कितीतरी वर माणसं एका केंद्रावर. पुढे प्रमाण ३०,००० वर, आदिवासी भागात २०,००० वर आलं, हे खरं. खाटा मात्र सहाच राहिल्या. भोरांच्या योजनेतून आपण इमारत आणि पाटी उचलली, नर्स आणि खाटा तिथेच ठेवल्या. परदेशी पाहणीला दोष देणारे पुष्कळ भेटतात, की तिकडचं इकडे चालत नाही. चालत नाही की चालवून पाहिलंच नाही? जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले आणि तिथे गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका करून त्यांनी काम उभं केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकून गडचिरोलीला गेले. तिकडून शिकायची ती मोजायची आणि तुलना करायची पद्धत. बाकीचं इथेच बसून करावं लागतं.

आता दरवर्षी आमच्याकडची काही मुलं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करायला परदेशी जातात आणि जाण्याआधी शिफारसपत्र मागायला येतात. मी पत्र देतो. तुमच्या घरचं कोणी जात असेल तर त्याला एवढं सांगा: विमानात बसण्याआधी भोर अहवालाचा दुसरा खंड वाच, आणि आपल्या तालुक्यातल्या केंद्रात सिस्टरबरोबर आठवडाभर लसीकरणाला फिर. दोन्हीला पैसे लागत नाहीत.