तिवरा, लाख, लाखोळी : एका कडधान्यावरील आरोपपत्र

भिलाईचे सिविक सेंटर ही पोलादनगरीची आखीव बाजारपेठ. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याभोवती देशभरातून आलेल्या माणसांची वस्ती उभी राहिली. मात्र या वस्तीचे सेक्टर ओलांडून शिवनाथ नदीच्या बाजूला गेले की धानाची शेते लागतात, आणि हिवाळ्यात त्याच शेतांत निळसर फुलांचे एक बुटके पीक दिसते. छत्तीसगडमध्ये त्याला तिवरा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते. पश्चिमेला गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीत हेच पीक लाख किंवा लाखोळी या नावाने ओळखले जाते. उत्तर हिंदुस्थानात खेसारी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि भंडारा हे जिल्हे एकाच प्रांतात होते आणि दोघांची राजधानी नागपूर होती. नावे वेगळी असली तरी ताट एकच होते.

जगातील फार थोड्या खाद्यपदार्थांवर या डाळीइतके गंभीर आरोप झाले असतील. ती माणसाला कायमचे पांगळे करते, असा तो आरोप आहे, आणि तो खोटा नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ती खाणारी लक्षावधी माणसे ताठ चालत राहिली, हेही तितकेच खरे आहे. या दोन विधानांचा मेळ घालण्यास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

या रोगाचे एक अत्यंत बारकाईचे वर्णन ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन याने केले आहे. १८४४ साली प्रकाशित झालेल्या त्याच्या आठवणींत सागर भागातील गावांची हकीकत येते. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये गव्हावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत ‘तिवरी’ मात्र न पेरताही शेतांत माजली. लोकांनी तिचे दाणे खाल्ले, पाला गुरांना घातला. १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. स्लीमन वैद्य नव्हता, पण रोगाचा क्रम त्याने अचूक टिपला : आधी दुष्काळ, मग एकाच दाण्यावर काढलेली वर्षे, आणि त्यानंतर पांगळेपण.

‘लॅथिरिझम’ हे नाव १८७३ साली नेपल्सच्या आर्नाल्दो कांतानी याने दिले. त्याच्याही आधी, १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळावर फ्रान्सिस्को गोया याने एक चित्र कोरले होते. लाखेच्या पिठाची लापशी मिळाल्याबद्दल कृतज्ञ असलेली माणसे त्यात दिसतात, आणि त्यांच्यापुढे जमिनीवर एक स्त्री आडवी पडलेली आहे. तिला उठता येत नसावे, असे या रोगाचे अभ्यासक मानतात. सर्वांत क्रूर पुरावा मात्र दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४२ च्या हिवाळ्यात रोमेनियन राजवटीच्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम लाख आणि थोडा पाव एवढेच अन्न मिळे. काही महिन्यांतच शेकडो कैदी लंगडू लागले. त्यांच्यातच असलेल्या आर्थर केसलर या डॉक्टराने कारण ओळखले. पुढे इस्राएलमध्ये त्याने या रुग्णांचा अनेक दशके पाठपुरावा केला.

अपराधी रेणू सापडला तो भारतात. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी, आणि त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमणियन यांनी, लाखेच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. संक्षेपाने त्याला ‘ओडॅप’ म्हणतात. प्रथिने बांधण्याच्या कामी ते येत नाही. मेंदूत आणि मज्जारज्जूत एक पेशी दुसरीला ग्लुटामेट या रेणूद्वारे निरोप देते. ओडॅपची घडण त्याच्याशी इतकी जुळते की चेतापेशी फसतात. बनावट निरोपाने त्या पुनःपुन्हा उत्तेजित होत राहतात आणि अखेरीस मरतात. पायांच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या पेशी प्रामुख्याने बळी पडतात, म्हणून स्नायू ताठरतात आणि चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. बुद्धी आणि स्पर्शज्ञान शाबूत राहते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गंमत अशी की हाच रेणू चिनी औषधांतील जिनसेंगच्या एका जातीतही आढळतो आणि तेथे तो रक्तस्राव थांबवणारा म्हणून नावाजलेला आहे.

मग लक्षावधी लोक वाचले कसे? याचे उत्तर बरेचसे स्वयंपाकघरात आहे. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले की विषाचा मोठा भाग त्याबरोबर निघून जातो. शिवाय लाखेत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, आणि पेशींचे रक्षण करण्यात त्यांचा वाटा असतो. ताटात भात, ज्वारी किंवा गहू असला की ही उणीव काही अंशी भरून निघते. दुष्काळात नेमके हेच नाहीसे होते. टाकून द्यायला पाणी नसते, पाणी तापवायला सरपण नसते, सोबतीला दुसरे धान्य नसते. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक केवळ लाख, आणि तीही सलग दोन-तीन महिने, असे झाले की धोका सुरू होतो. रीवा भागात बांधील मजुरांना मजुरीच खेसारीच्या रूपाने मिळत असे. रोग त्यांच्या झोपड्यांत दिसला, जमीनदाराच्या वाड्यात दिसला नाही.

कायद्याने मात्र दाण्यालाच दोषी ठरवले. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली खेसारीच्या विक्रीवर बंदी आली. पेरणी काही थांबली नाही, आणि त्याची कारणे शेतीच्या रीतीतच आहेत. छत्तीसगडमध्ये तिला ‘उतेरा’ म्हणतात : धान कापण्याआधी काही आठवडे उभ्या पिकातच, ओलसर बांधीत दाणे फेकायचे. नांगर नको, खत नको, पाणी नको. चिखलात तग धरणारे आणि पुढे कोरड्या भेगाळलेल्या जमिनीतही फळणारे दुसरे कडधान्य शोधून सापडणे कठीण; त्यात प्रथिने पंचवीस टक्क्यांहून अधिक. बंदीचा एक परिणाम असा झाला की स्वस्त खेसारी उघड्या पोत्यांतून निघून बेसनात आणि तुरीच्या डाळीत भेसळ म्हणून शिरली. आपण काय खातो हेच ग्राहकाला कळेनासे झाले, आणि पाणी टाकून देण्याची रीतही अर्थात तेथे लागू पडेना. आरोग्याच्या दृष्टीने हे बंदीपूर्वीच्या स्थितीहून बरे होते, असे म्हणवत नाही.

स्पेनची वाट जवळजवळ अशीच. १९६७ च्या अन्नसंहितेने तेथे लाखेचे पीठ मानवी आहारातून वगळले. ला मांचाच्या लोकांनी त्या पिठाची पारंपरिक ‘गाचास’ रांधणे सोडले नाही, आणि अलीकडे अधूनमधून खाण्यापुरती तिला मोकळीक मिळाली. आपल्याकडे नागपूरच्या शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठवण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने ती उठवली. पूर्व विदर्भातील पाहणीवरचा एक शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लाख तेथे अजूनही खाल्ली जाते, पण थोड्या प्रमाणात आणि मिश्र आहारात, आणि रोग फारच विरळ झाला आहे, असे त्यात आढळले. २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बाजूने कमी ओडॅपच्या तीन वाणांना अनुकूल मत पुढे आले : रतन, प्रतीक आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा ‘महातिवरा’.

या वाणांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत ठेवण्याचा प्रयत्न आहे. मात्र पावसाने ताण दिला की रोपात ओडॅप वाढते, म्हणजे नेमके ज्या वर्षी लोक तिवऱ्यावर विसंबतात त्या वर्षी. दुसरी अडचण मधमाश्यांची आहे. तिवऱ्याच्या फुलांत परपरागीकरण होते. शेतकरी घरचेच बी पुढल्या वर्षासाठी राखून ठेवतो, आणि शेजारच्या बांधीत जुना वाण फुललेला असेल तर काही हंगामांतच नव्या वाणात तो मिसळू लागतो.