सी-२९५ विमानांचें उत्पत्तिस्थान

भारतीय वायुदलाच्या ५६ सी-२९५ वाहतूक-विमानांस सरसकट ‘स्पेनचीं’ म्हणणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. पोथीचा कर्ता एक, नकलकार दुसरा, हें वाचक जाणतातच. येथें रचना कासा या स्पॅनिश कंपनीची, प्रथमोड्डाण १९९७ चें. तीही इंडोनेशियाच्या भागीदारींत केलेल्या सीएन-२३५ ची वाढविलेली आवृत्ति. एका विमानांत ७१ सैनिक मावतात. परंतु सप्टेंबर २०२१ च्या करारान्वयें सेव्हिल येथें सिद्ध झालेलीं विमानें १६च. उरलेलीं ४० टाटांनीं बडोद्यास, म्हणजे गायकवाडांच्या जुन्या राजधानींत, जुळवावयाचीं. त्या कारखान्याचें उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. सेव्हिलचें पहिलें विमान १३ सप्टेंबर २०२३ रोजीं तत्कालीन वायुदलप्रमुख विवेक राम चौधरी यांनीं स्वीकारलें; ते मूळचे नांदेड जिल्ह्यांतले. टिपण ठेवणारांनीं प्रत्येक विमानाच्या क्रमांकापुढें जुळणीचें गांव लिहावें.

अकलोली.