उत्क्रांतिवाद आणि धर्मश्रद्धा, अमेरिकेच्या राजकारणातील
जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा सिद्धांत आणि ईश्वरनिर्मितीवरील श्रद्धा यांची सांगड घालण्याचा राजकारण्यांचा प्रयत्न. उत्क्रांती शिकवल्याबद्दल टेनेसीतील शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर चाललेल्या खटल्यापासून (१९२५) या दोहोंमधील वाद गाजत आहे. ३ मे २००७ रोजी कॅलिफोर्नियात अध्यक्षपदासाठी इच्छुक रिपब्लिकन उमेदवारांची चर्चा झाली. उत्क्रांती न मानणाऱ्यांनी हात वर करावेत, असे सांगताच दहापैकी तिघांनी ते केले. जॉन मॅकेन यांनी उत्क्रांती मान्य केली. पण ग्रँड कॅन्यनचा सूर्यास्त पाहताना ईश्वराचा हातही जाणवतो, अशी पुस्ती जोडली. हात वर करणारे सॅम ब्राउनबॅक यांनी त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून खुलासा केला : जातींतर्गत लहान बदल मान्य, ईश्वराला वगळणारी भौतिकवादी मांडणी अमान्य. हा समन्वय सोयीचाच म्हणावा लागेल; सजीवांच्या समान पूर्वजांचा कळीचा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो. ब्राउनबॅक कॅथलिक, त्यांच्याच पंथाचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ परिकल्पना उरलेली नाही, असे मान्य केले होते.

भारतात हा निवडणुकीचा मुद्दा नाही. मात्र जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवल्यावर देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचे खंडन केले.