टिंब घेतलं, कॅपिटल सोडलं

गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून माझी उमर गेली. आमच्या जुन्या जुळाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण लग्नपत्रिकेचा इंग्रजी मजकूर ते बिनचूक जुळवत. फुलस्टॉपचा खिळा बसवला की हात आपसूक वरच्या केसकडे जाई, कारण कॅपिटल अक्षरं तिथं. मराठी जुळवताना ही कसरत नव्हती. देवनागरीत नाव माणसाचं असो की गावाचं, अक्षर तेच.

विरामचिन्हं मात्र आपण इंग्रजीकडूनच घेतली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचं. शब्दांत अंतरसुद्धा नाही. पत्र कोणाचं, कशाबद्दल, हे वाचणाऱ्याला बहुधा ठाऊक असे, म्हणून निभावलं. पोथीत दंड होते, ते मुख्यतः श्लोकांपुरते. छापील पानाचा वाचक पडला अनोळखी. कुठं थांबायचं ते त्याला सांगावं लागतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर एकाच पानावर शेजारी आले. पुढे १८५० मध्ये मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. सरकारी शाळांची मराठी पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात, त्यामुळे स्वल्पविराम पोरांच्या अंगवळणी पडला. हिंदीनं दंड राखला, आपण टिंब घेतलं. साहेबाची देणगी म्हणून कोणी नाकं मुरडोत. मी कँडींचा ऋणी आहे.

गोची झाली ती कोलनची. दोन टिंबं म्हणजे आपला विसर्ग! ‘खालीलप्रमाणे’ला नुसता कोलन चिकटवला की वाचणारा तिथं ‘ह’ फुंकणार. संस्कृतात तर पावलोपावली विसर्ग. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा कोणताही संस्कृत ग्रंथ उघडून बघा. मराठी छपाईनं यावर तोड काढली:- दोन टिंबांपुढं आडवी रेघ, असं ‘:-’ चिन्ह. संक्षेपाचंही तसंच. आधी ‘रा० रा०’ असं शून्य देत. मग फुलस्टॉपच्याच खिळ्यावर भागू लागलं.

आता खिळे भंगारात गेले आणि घोळ उलटा झाला. ‘दुःख’ लिहिताना मंडळी विसर्गाऐवजी कोलन दाबतात. मग ओळ संपताना कधी कधी ‘दु’ वर राहतो नि ‘ख’ खाली उतरतो. वर कोलनपुढची रेघही गाळतात. मराठी कळफलकावर विसर्गाची कळ वेगळी आहे, ती शोधा; आणि यादीआधी कोलन द्याल तेव्हा पुढं रेघ ओढा, एवढी या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाची विनंती.