विनापरवाना शस्त्र : राष्ट्रीय सभेने मागितलेला, स्वतंत्र भारताने नाकारलेला हक्क

१/ अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत आज परवान्याविना पिस्तूल लपवून जवळ बाळगता येते. भारतात ही कल्पनाही विचित्र वाटते. परंतु एके काळी जवळजवळ हीच मागणी राष्ट्रीय सभेने केली होती. तिच्या इतिहासाचे काही धागे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे येऊन मिळतात.

२/ या नगरीला शस्त्रे नवी नव्हती. आज विजापुरात असलेली ‘मुलुखमैदान’ तोफ १५४९ साली निजामशाहीत अहमदनगरातच ओतली गेली.

३/ ४ ऑक्टोबर १८५७. सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकांच्या भिल्लांनी अहमदनगरचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री यांना ठार केले. भागोजी स्वतः पूर्वी अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होते. हा उठाव १८५९ पर्यंत धुमसत राहिला.

४/ देशभरच्या अशा उठावांनी सरकार धास्तावले. शस्त्रांवर नियंत्रण आणणारा कायदा १८५७ मध्येच झाला, १८६० मध्ये दुसरा आला. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याविना शस्त्र घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सूट मिळाली.

५/ खरा सल येथे होता. बंदुकीपेक्षा अपमान मोठा होता : गोऱ्यावर विश्वास, एतद्देशीयावर संशय. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने ठराव केला की, सरकारने ज्यांना विशेषत्वाने मनाई केली असेल ते वगळून सर्वांना शस्त्र बाळगण्याची व धारण करण्याची मुभा असावी.

६/ १९३० साली गांधीजींच्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवान्यांची मागणी होती. १९३१ च्या कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. मागणी टिकली, पण ‘नियम’ हा शब्द तिच्यात शिरला.

७/ कराचीचे अध्यक्ष होते सरदार पटेल. १९४२ च्या ‘चले जाव’ ठरावानंतर तेच पटेल, नेहरू आणि मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. पुढे स्वतंत्र भारताचे गृहखाते पटेलांकडेच आले.

८/ डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी कराचीची आठवण देत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. ते ठराव झाले तेव्हाची परिस्थिती आता उरलेली नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये उलट शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क आला.

९/ १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. वंशभेद उरला नाही, परवाना उरला. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाच्या अग्निशस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली.

१०/ राष्ट्रीय सभेची लढाई वाया गेली काय? तिचा गाभा समतेचा होता, आणि ती समता मिळाली. मात्र राज्यसंस्थेने नागरिकावर किती विश्वास ठेवावा, हा १८८७ चा प्रश्न आजही प्रत्येक परवान्याच्या अर्जामागे उभा असतो.